स्टॉपर विश्राम राणे

विश्रामकाका राणे कधी कुणाच्या समोर उभे राहत नाहीत. अर्धा हात अंतर, किंचित बाजूला, किंचित मागे. नव्या माणसाला वाटतं, हा आता आपला खिसा कापणार. आमच्या बिल्डिंगमध्ये नव्यानं आलेल्या एका गृहस्थांनी तर सेक्रेटरीकडे तक्रारच केली, "हे लिफ्टमध्ये माझ्या खांद्याला चिकटून उभे राहतात." काकांना बोलावलं. ते शांतपणे म्हणाले, "सवय आसा. मार्किंग करतंय."

नायगावच्या बीडीडी चाळीत आमची आणि त्यांची खोली भिंतीला भिंत लावून होती. चाळ पडली, टॉवर उभा राहिला, पण शेजार सुटला नाही. चाळीतले बाकीचे बाप्ये गिरणीत जायचे किंवा पोलिसात. फुटबॉल खेळण्याचा पगार घेणारे काका एकटेच. एका कंपनीच्या टीमनं त्यांना विसाव्या वर्षी उचललं आणि पुढची सोळा वर्षं ते स्टॉपर म्हणून खेळले. स्टॉपर म्हणजे गोलकीपरच्या आधीचा शेवटचा माणूस; गोल मारायला येणाऱ्या फॉरवर्डला सावलीसारखं चिकटून राहायचं, म्हणजेच मार्किंग करायचं, हे त्याचं काम. "फॉरवर्ड चुकलो तर लोक हळहळतत. स्टॉपर चुकलो तर घरापर्यंत शिव्ये येतत," असं ते सांगतात.

त्यांच्याकडे पेपरच्या कात्रणांची एक वही आहे. त्यात अकरा फोटो. सगळे गोल मारणाऱ्यांचे. दोन फोटोंत कडेला काकांचं कोपर दिसतं, एकात पाठीवरचा नंबर, आणि एकात नुसता बूट. तो बूट आपलाच, हे ते छातीठोकपणे सांगतात, कारण त्याची नाडी तुटलेली आहे.

त्यांचा एकच मंत्र. "बॉलाक बघू नको, माणसाक बघ." तो त्यांनी माझ्या बहिणीच्या लग्नाच्या खरेदीतही लावला. हिंदमाताला साड्या घ्यायला आम्ही त्यांना पिशव्या धरायला म्हणून नेलं होतं. आई गादीवर पसरलेल्या साड्यांत बुडालेली. काका मात्र शेजारच्या गिऱ्हाईक बाईंकडे टक लावून. मला वाटलं, आता इथे काहीतरी शोभा होणार. तेवढ्यात आईच्या कानाशी वाकून म्हणाले, "वहिनी, तेंचो डोळो त्या हिरव्या साडीर आसा." आणि आईनं मान वर करायच्या आत काका त्या बाईंच्या आणि हिरव्या साडीच्या मध्ये जाऊन बसले, मांडी घालून. साडी आम्हाला मिळाली. खरं तर ती आम्हाला नकोच होती, पण काकांचं मन कोण मोडणार?

लग्न त्यांनी केलं नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणतात, "स्थळा इली तेव्हा मी ऑफसाइड होतंय." पुढे कंपनीनं टीम बंद केली आणि काकांना डिस्पॅचच्या टेबलावर बसवलं. तिथून ते निवृत्त झाले. आता घरी एकटे.

दर रविवारी मात्र ते सकाळीच बांगड्याचं तिखलं, म्हणजे माशाचं झणझणीत कालवण, करतात, डब्यात भरतात आणि माझगावला जातात. एडविनकडे. हा एडविन त्या काळातला सगळ्यात चपळ फॉरवर्ड, समोरच्या टीमचा. एका सेमीफायनलला काकांनी त्याला टॅकल केलं आणि तो पडला तो उठलाच नाही. गुडघा गेला. रेफरीनं फाउलसुद्धा दिला नाही, पण एडविनचा फुटबॉल तिथे संपला. त्या विषयावर काका एवढंच बोलतात, "माझ्या पायान झाला ता."

गेल्या महिन्यात जिन्यात काकांचा पाय मुरगळला. रविवार चुकवायला ते तयार नाहीत, म्हणून टॅक्सीनं मी सोबत गेले. जुन्या इमारतीत तळमजल्यावर घर, भिंतीवर क्रूस, आणि खुर्चीत एडविन अंकल, हातात काठी. गेल्या गेल्या भांडण सुरू.

"लेट झालास."

"पाय मुरगाळलो, मेल्या."

"माझा गुडघा गेला, तुझा पाय फक्त मुरगळला. तक्रार नाय करायची!"

काका खाली मान घालून लंगडत स्वयंपाकघरात तिखलं गरम करायला गेले. मला राग आला. मी हळूच म्हटलं, "अंकल, इतकी वर्षं झाली. आता तरी त्यांना असं बोलू नका ना."

एडविन अंकल स्वयंपाकघराकडे बघत राहिले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "बेटा, तो टॅकल एकदम क्लीन होता. मॅचच्या आधीच डॉक्टर बोलला होता, गुडघा संपला, खेळू नको. मी गोळ्या खाऊन उतरलो."

"मग सांगत का नाही त्यांना?"

"सांगू? आणि मग तो कशाला येणार?" ते काठीची मूठ चोळत म्हणाले. "बहीण होती, ती पण गेली. आता इथे दुसरं कोण येतं?"

जेवणं झाली. बांगड्यावरून आणखी एकदा भांडण झालं. दुपारी आम्ही टॅक्सीत बसलो. सांगावं की नाही, हे माझं ठरत नव्हतं. काकांनीच विचारलं, "गुडघ्याचा सांगल्यान ना तुका?"

मी चमकून बघितलं.

"माका ठावक आसा. तेच्या डॉक्टराचो कंपाउंडर आमच्या गोलकीपराचो भाव होतो. म्याचच्या दुसऱ्याच आठवड्यात तेना माका सांगल्यान."

"काका! मग एवढी वर्षं त्यांचं ऐकून का घेता?"

"मी बोललंय तर तो म्हणतलो, मग आता येव नको." काका खिडकीबाहेर बघत होते. "आणि मगे रविवारी मी खय जाव गो?"

टॅक्सी परळच्या पुलावर चढली, तेव्हा काकाच पुन्हा बोलले.

"पुढच्या रविवारी कोळंबी करूया. तेका काटे काढूक जमना नाय आता."