ढगावरचा सतरा नंबर

बसलात सगळे? मग ऐका.

एका जंगलात साळिंदरराव नावाचे गृहस्थ राहत होते. हुद्दा मोठा, रस्तेनियोजक. तोरा त्याहून मोठा. गोष्ट सांगणाऱ्याचा त्यांच्याशी काही संबंध नाही, हे आधीच सांगून ठेवतो. माझ्या पाठीला काटे नाहीत.

त्या जंगलातले सगळे औषधी उतारे पानांवर लिहून वडाच्या ढोलीत ठेवलेले असत. वैद्यकी अस्वलीणबाईंकडे होती. पानं वाढत गेली, ढोली भरली. एक पान शोधायला अर्धा दिवस जाई. तेवढ्यात वाघमहाराजांच्या कानावर आलं, की पलीकडच्या जंगलाने आपली पानं ढगावर ठेवलीत. झालं. आपल्यालाही ढग पाहिजे.

ढगावर कोठार घेतलं. शंभर कप्पे, पानं काढून द्यायला चाळीस ससाणे. मागाल ते पान डोळ्याचं पातं लवायच्या आत हजर. आता फक्त खालून वर जायची वाट आखायची राहिली होती. ते काम साळिंदररावांकडे आलं.

"वाटेचं काय एवढं," ते म्हणाले. बैठका मात्र एकवीस घेतल्या मी. म्हणजे, साळिंदररावांनी. वाट किती रुंद हवी यावर सोळा झाल्या. उरलेल्या पाच पुढची बैठक कधी घ्यायची यावर.

कोठार सांभाळणाऱ्या घारीने एकच अट घातली होती. "कप्प्यांना नंबर तुम्ही द्या. पण तुमच्या जंगलात आधीच असलेले नकोत. आणि एकदा कोरले की बदलत नाहीत, मग सगळं कोठारच नव्याने मांडावं लागतं. नीट विचार करा, राव."

साळिंदररावांनी मान डोलावली. जंगलातल्या बिळांना एक ते शंभर नंबर होते, तेही त्यांनीच दिलेले. तरी कप्प्यांनाही त्यांनी एक ते शंभरच दिले. का? तर मोजणी एकपासून सुरू झाली की त्यांना बरं वाटायचं. स्वभावाला औषध नाही.

उद्घाटन थाटात झालं. दुसऱ्याच दिवशी सकाळी त्यांची धाकटी लेक काटकी विषारी फळं खाऊन आली. तोंडाला फेस आला. अस्वलीणबाईंनी नाडी पाहिली.

"उतारा सतरा नंबरच्या कप्प्यात आहे. दुपारच्या आत हवा, नाहीतर माझ्या हातात काही नाही."

पानं आणायच्या कामावरचा पारवा उडाला. पारवे इमानी, पण त्यांची एक रीत होती. सांगितलेला नंबर जंगलातच सापडला, तर ते ढगाकडे बघतसुद्धा नसत. तो लगेच परतला. अस्वलीणबाईंनी पान वाचलं. "वाटेचा आराखडा. सर्व काही तपासलं आहे. काळजीचं कारण नाही." खाली साळिंदररावांची सही.

बीळ नंबर सतरा म्हणजे त्यांचंच घर.

पारव्याला पुन्हा धाडलं. त्याने त्यांची उशी आणली. तिसऱ्यांदा सत्काराची शाल.

"अहो, त्याला तुमच्याच घरी काय पाठवताय?" अस्वलीणबाई म्हणाल्या. "ढगावर पाठवा की."

"मीच आखलंय हो ते," साळिंदरराव म्हणाले आणि त्यांना रडू फुटलं. एकवीस बैठकांत ही साधी गोष्ट कुणी विचारली नव्हती, त्यांनी स्वतःलाही नाही. आपल्याच हाताने त्यांनी लेकीची वाट अडवली होती.

मग ते घराकडे धावले. दारावरचा नंबर त्यांनी दातांनी खरवडून काढला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी एखादं काम बैठकीशिवाय केलं. पारव्याने घिरट्या घातल्या, सतरा कुठे दिसेना, तेव्हा तो वर गेला. उतारा क्षणात आला. काटकी वाचली. बापाने तिला कुशीत घेतलं, जपून.

मग साळिंदररावांनी वाघमहाराजांपुढे कान धरले. "महाराज, चूक माझी. कोठार नव्याने मांडू. नंबर वेगळे देऊ."

"भलतंच काय," महाराज म्हणाले. "उद्घाटन झालंय त्याचं, माझ्या हस्ते. आणि उपाय तर तुम्ही शोधलाच आहे."

दवंडी पिटली. शंभर बिळांचे नंबर खरवडले गेले. आता ससा रोज तीन चुकीच्या घरांत डोकावून चौथ्यात शिरतो, आणि तेही बहुधा मुंगसाचं निघतं. साळिंदररावांना दूरदृष्टीचं पदक मिळालं. ते नको म्हणणार होते. पण काटकीने गळ्यात घालून बघितलं, तिला आवडलं, मग राहू दिलं.

तात्पर्य: आराखडा चुकला तर तो बदलण्याच्या भानगडीत पडू नये. लोकांची घरं बदलावीत. घरांचं उद्घाटन कुणा महाराजांनी केलेलं नसतं.