नामदेवरावांच्या घड्याळाचा कौल

भगवंतरावांनी ताम्हणात तांदूळ पसरले, त्यावर वडिलांचं मनगटी घड्याळ ठेवलं आणि ताम्हण दोन्ही हातांनी अलगद उचलून फोटोपुढे धरलं.

"बाबा, नांदेडला जाऊ?"

घड्याळ गप्प. फोटोतले नामदेवरावही गप्प, पण नजर रोखलेली.

"मग हैदराबादेतच राहू?"

हे विचारताना त्यांचा आवाज कापला, हातही कापले. आणि कित्येक दिवस बंद असलेलं घड्याळ टिकटिक करू लागलं.

"अगं बाई!" पद्मावतीबाई दोन पावलं मागे सरकल्या.

हैदराबाद राज्याचे तीन तुकडे होणार हे ठरलं होतं. भगवंतरावांसारख्या मराठी कारकुनांनी मुंबई राज्यात, म्हणजे नांदेडकडे, जायचं की इथंच राहायचं, ते त्या आठवड्यात साहेबांना सांगायचं होतं. भगवंतरावांचा जीव हैदराबादच्या मलकपेठेत, बायकोचं माहेर नांदेडचं. भांडून दोघं थकले, तेव्हा भगवंतरावांना तोडगा सुचला. बाबांच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवत नव्हता. एकेक वचन देत गेल्यावर मनासारखं वचन मिळताच शिवला. बाबांच्या मनातलं कावळ्याला कळतं, तर त्यांच्या घड्याळाला का कळू नये?

घड्याळही साधं नव्हतं. पूर्वी भर समुद्रात जहाजांना वाट दाखवणारी अचूक घड्याळं असत, त्यांच्या घडणीवर बेतलेलं हे महागडं स्विस घड्याळ आहे, असं नामदेवराव येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. त्याला हात लावायची घरात कुणाची छाती नव्हती. ते गेले आणि पाठोपाठ घड्याळही थांबलं. सगळ्यांच्या अंगावर काटा आला होता.

कौल देऊन घड्याळ पुन्हा निपचित झालं, तशा पद्मावतीबाई पदर खोचून पुढे आल्या. "आता मी विचारते. मामंजी मला लेकीसारखं मानायचे." त्यांनी ताम्हण झटक्यात उचललं. "मामंजी, नांदेडलाच जायचं ना?"

टिक टिक टिक.

"दोन्हीकडे हो?" भगवंतराव पांढरे पडले. "बाबा असे नव्हते."

"आता झाले असतील!"

बातमी गल्लीत पसरली. शेजारचे हणमंतराव आले. "भगवंतराव, माझी बढती होते काय, तेवढं विचारा की!" त्यांनी ताम्हण उचललं, घड्याळ चाललं. "हौ म्हणाले! नामदेवराव हौ म्हणाले!" म्हणत ते पेढे आणायला धावले. घड्याळ थांबलं की नवा माणूस येई, आणि घड्याळ प्रत्येकाला हो म्हणे.

मग आले दत्तोबा, मुळातच भित्रे. ताम्हण घेताना तांदूळ सांडू लागले. विचारायचं एक होतं, तोंडून निघालं भलतंच.

"माझं आयुष्य संपत आलं का?"

टिक टिक टिक.

दत्तोबांनी घरी जाऊन अंथरूण धरलं. अन्न सोडलं. बायकोनं येऊन दारात आकांत मांडला. "तुमच्या सासऱ्यांना आवरा हो, पद्माबाई!"

भगवंतराव घाबरून आईकडे गेले. कुसुमताई स्वयंपाकघरात बेगम बाजारच्या मिरच्यांची देठं खुडत बसल्या होत्या.

"अरे, ते हात हलला की चालतं," त्या मान वर न करता म्हणाल्या. "आत वजन आहे, ते हलतं आणि चावी आपोआप मिळते. ठेवून दिलं की थांबतं. ह्यांनी घेतलं त्याच दिवशी मला सांगितलं होतं."

"आणि तू इतके दिवस बोलली नाहीस?"

"मला कुणी विचारलं? कावळ्याला विचारलंत, घड्याळाला विचारलंत."

पद्मावतीबाई दत्तोबांना उठवायला पळाल्या आणि हसतच परत आल्या. दोघं ओशाळून आईसमोर बसली.

"आई, तूच सांग," भगवंतराव म्हणाले. "राहायचं की जायचं?"

कुसुमताईंनी हात पुसले. "खरं सांगू? आजवर मी बोलायला लागले की हे मनगटाकडे बघायचे. माझं म्हणणं कधी पुरतं—"

टिक टिक टिक.

दत्तोबा घरी गेल्यापासून घड्याळ समोरच्या कोनाड्यात थंड पडलेलं होतं. जवळ कुणी नव्हतं. पद्मावतीबाईंनी नवऱ्याचा दंड घट्ट धरला.

कुसुमताई उठल्या. शांतपणे घड्याळावर वाटी पालथी घालून पुन्हा जागेवर येऊन बसल्या.

"तर काय सांगत होते? तुम्ही दोघं नांदेडला जा. भांडायचं ते तिकडंच भांडा. मी इथंच राहणार, एकटी."

वाटीखालची टिकटिक वाढली. कुसुमताई पुन्हा उठल्या आणि वाटीवर खलबत्ता ठेवला.