उगाच कावळ्याला ताटकळत ठेवू नका

बेहेरेकाकांकडे खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "समज, तू उद्या मेलास. तर तुझी कुठली इच्छा राहील?"

मला सिडनीत उतरून चार दिवस झाले होते. आधीच्या तीन घरमालकांनी मी सिगरेट ओढतो का आणि मासे तळतो का, एवढंच विचारलं होतं. मी चाचरत म्हटलं, "काका, अजून युनिसुद्धा सुरू झाली नाही माझी."

"मरण काय सेमिस्टर संपायची वाट बघतं?" असं म्हणून त्यांनी एक जाडजूड वही पुढे केली. "लिही. मग खोली दाखवतो."

मी लिहिलं : पीआर, म्हणजे इथे कायम राहायचा परवाना. काकांनी कपाळाला हात लावला. आधीची पानं उलटून दाखवली. भारतातून इथे विद्यार्थ्यांची लाट आली होती, ती ही वर्षं. टूनगॅबीतल्या त्या घरातून दर सहा महिन्यांनी नवी पोरं येत-जात होती आणि झाडून सगळ्यांनी तेच लिहिलं होतं. हरप्रीत नावाचा कुकरी शिकणारा मुलगा आतून ओरडला, "अंकल, मेरा भी वही है, काटना मत!"

"अरे, पीआर ही इच्छा नव्हे, तो अर्ज आहे," काका म्हणाले. "कावळा काय इमिग्रेशनमध्ये कामाला आहे?"

काका मूळचे पुण्याचे, इलेक्ट्रिकल इंजिनियर, नुकतेच रिटायर झालेले. काकू तीन वर्षांपूर्वी गेल्या होत्या. हॉलमध्ये त्यांचा फोटो होता, पण जगातल्या यच्चयावत माणसांच्या मरणाबद्दल बोलणारे काका त्या एका मरणाबद्दल चकार शब्द काढत नसत.

त्यांचं म्हणणं अगदी सरळ होतं. दहाव्याला कावळा पिंडाला शिवला नाही, की नातेवाईक हात जोडून अंदाज मारत बसतात. धाकटीचं लग्न करू, घराचा मजला पुरा करू. "हे म्हणजे पेपर झाल्यावर सिलॅबस विचारण्यासारखं झालं! माणूस समोर बसून चहा पीत असतो तेव्हा विचारा की. उगाच कावळ्याला ताटकळत ठेवू नका."

हे शेवटचं वाक्य ते ट्रेनमध्ये, देवळात, वेंटवर्थव्हिलच्या वाण्याकडे, कुठेही ऐकवत. गणेशोत्सवात तर त्यांनी ठाण्याहून मुलाकडे आलेल्या एका अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजींना मोदक खाता खाता तोच प्रश्न केला. मुलाचा चेहरा लालबुंद. आजींनी मात्र खुर्ची जवळ ओढली आणि म्हणाल्या, "मला पोहायला शिकायचं होतं हो." पुढच्या शनिवारी काका त्यांना कौन्सिलच्या पूलवर घेऊन गेले. मुलाने दोन महिने काकांशी अबोला धरला. आजी पाण्यावर तरंगायला शिकल्या आणि मगच ठाण्याला परतल्या.

दर रविवारी काका मागच्या कुंपणावर भाताचे तीन गोळे ठेवत. इथल्या कावळ्याला पिंड कळतो का, याचा त्यांना छडा लावायचा होता. काळे-पांढरे मॅगपाय पक्षी यायचे, काकाकुवे यायचे. कावळा झाडावर बसून तान्ह्या पोरासारखा टाहो फोडायचा, खाली काही उतरायचा नाही. काका वहीत वेळ टिपून ठेवत. आम्ही त्यांना खूप हसायचो.

माझं हसू दुसऱ्या वर्षी आटलं. सांगलीहून आईचा फोन आला. बाबांचा जुना आजार शेवटाला आला होता, डॉक्टरांनी दोन-तीन महिने सांगितले होते. "त्यांच्यासमोर विषय काढू नकोस," आईने बजावलं, "त्यांना काही माहीत नाही."

काकांना हे कळताच ते म्हणाले, "फोन लाव. विचार त्यांना."

"काका, प्लीज."

"आत्ता लाव."

मी भडकलो. "तुम्ही माणूस आहात की यमाचे एजंट?" असं तोंडावर बोललो आणि खोलीचं दार आपटलं. काका दाराबाहेर खुर्ची टाकून बसले. दर दहा मिनिटांनी टकटक. "लावलास?" दुपार अशीच गेली. संध्याकाळी मी शेवटी फोन लावला, निम्मा त्यांच्यावरच्या रागाने.

बाबा हलकेच म्हणाले, "बरं झालं विचारलंस. इथे सगळे माझ्याशी फक्त भेंडीच्या भाजीबद्दल बोलतात रे." मग थांबून, "तुझ्या आईला एकदा विमानात बसव. खिडकीची जागा घे. मी आयुष्यभर नुसतं म्हणत राहिलो."

परीक्षा आटोपून मी घरी गेलो. पाच आठवडे बाबांच्या उशाशी बसलो. आम्ही इतकं कधीच बोललो नव्हतो. दहाव्याला कृष्णेच्या घाटावर मी हात जोडून म्हटलं, "बाबा, आईला नेतो. खिडकीची जागा." मान वर करतोय तोवर कावळा शिवलासुद्धा.

आंघोळ करून पहिला फोन काकांना केला.

"किती वेळ लागला?" त्यांनी विचारलं.

"लगेच, काका. एक मिनिटसुद्धा नाही."



"तुझ्या काकूच्या दहाव्याला आम्ही दोन तास उभे होतो," काका म्हणाले. "इथेच पॅरामॅटाला, नदीकाठी. सहा महिने ती अंथरुणावर होती आणि सगळे तिला 'बरी होणार तू' एवढंच सांगत होते. त्यात मी सगळ्यांच्या पुढे. ती काही बोलायला लागली की मी टीव्ही मोठा करायचो. मग तिथे उभं राहून हवं ते कबूल केलं. पुण्यात घर घेतो म्हटलं, तुझ्या बहिणीशी बोलतो म्हटलं, तुझी पेटी शिकणाऱ्या कुणाला तरी देतो म्हटलं... काय काय म्हटलं. नाही आला. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिवला. एकतीस वर्षांचा संसार, आणि मला तिची एक इच्छा बरोबर सांगता आली नाही रे."

घाटावर उभ्या उभ्या मी रडत होतो, बाबांसाठी आणि काकूंसाठीही.

"आईचं तिकीट बुक कर. आजच कर. खिडकी मागून घे. उगाच..." काका म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.