श्रीमती नव्हे, कुमारी

शकूताईंच्या आसपास काही खाली पडायला लागलं की त्या "माजा!" म्हणून ओरडतात आणि झेप घेतात. बँकेच्या रांगेत म्हाताऱ्याची काठी निसटली, "माजा!" किराणा दुकानात वरच्या फळीवरून काड्यापेट्यांचा पुडा घसरला, "माजा!" एकदा मानवतच्या एका लग्नात नवरदेवाच्या हातून हार सुटला, तोही त्यांनी हवेतल्या हवेत टिपला. मांडवभर लोक खदखदा हसले. लग्न न झालेल्या बाईनं हार झेलला म्हणून हसले. झेल किती अवघड होता, हे एकाही शहाण्याला कळलं नाही.

शकूताई भारताकडून क्रिकेट खेळल्या आहेत. त्या काळी बायकांचं क्रिकेट म्हणजे स्वतःच्या तिकिटानं रेल्वेच्या साध्या डब्यातून जायचं, शाळेच्या वर्गात सतरंजीवर झोपायचं आणि बाद होऊन आलं की पायाचे पॅड सोडून पुढचीला द्यायचे. देशासाठी चार सामने खेळून त्या परत आल्या, तेव्हा स्टेशनावर घ्यायला एकटे वडील आले होते. पुढे आम्ही कितीतरी वर्षं एकाच शाळेत नोकरी केली. त्या खेळ शिकवायच्या, मी मराठी. हेडमास्तरांनी त्यांच्याकडून मुख्यतः प्रार्थनेच्या रांगा सरळ करून घेतल्या.

आता पोरींचे सामने टीव्हीवर दिसायला लागले आणि गावाला एकदम ताईंची आठवण झाली. तरुण मंडळानं सत्कार ठरवला, कार्डं छापली. ताई कार्ड घेऊन तावातावानं माझ्याकडे आल्या.

"मास्तर, हितं श्रीमती लिवलंय. मी कोनाची विधवा हाय?"

"आता आदरानं सगळ्यांनाच लावतात, ताई."

"लय आदर उतू चाललाय! संघाच्या यादीत मी कुमारी होते. कुमारीच लिवा म्हनावं."

"या वयात? लोक हसतील."

"हसू द्या. हसायचे कवा थांबलेत?"

मंडळाच्या अध्यक्षानं वाद नको म्हणून नुसतं नाव घ्यायचं ठरवलं. पण सत्काराच्या दिवशी माइक हातात आल्यावर त्याला राहवलं नाही. "ताईंनी खेळापायी संसाराचा त्याग केला!" म्हणाला. टाळ्या पडल्या. शाल झाली, नारळ झाला.

ताईंनी माइक ओढून घेतला. "त्याग-बिग काई न्हाई. मला लगीन करायचं होतं. खेळून आल्यावर वडलांनी दहा घरी माजी पत्रिका धाडली. दाही घरनं एकच निरोप, पत्रिका जमत न्हाई. समदे ग्रह माज्याच मागं लागले व्हय? उन्हात पळून काळी झालेली पोरगी नको, असं एकानं तरी तोंडावर सांगायचं!"

लोक पोट धरून हसले. ताईंना गंमत करायची नव्हती, हे कुणाच्या गावीही नव्हतं. त्या खुर्चीवर जाऊन बसल्या आणि मांडीवरच्या शालीची घडी घालत राहिल्या.

मला हसू आलं नाही. त्या दहांतलं एक घर आमचं होतं. नकार आईचा, पण तो पोस्टकार्डावर सुवाच्य अक्षरात लिहिला मी, शिकल्यासवरलेल्या माणसानं. इतकी वर्षं शेजारच्या खुर्चीवर बसून ताईंनी तो विषय एकदाही काढला नाही. त्यांच्या पत्रिकेचं पाकीट आम्ही फोडलंसुद्धा नव्हतं.