तात्यांच्या घरातला गजर

त्या वर्षी विठूबुवाला मी चारी मुंड्या चीत करणारच होतो! तुम्ही हसाल, पण तो गजर तुम्ही ऐकला असतात तर माझ्या बाजूने पैजा लावल्या असत्यात.

गोष्ट चौऱ्याऐंशी सालची. माघातल्या जत्रेत आमच्या भजन मंडळाची आणि लांज्याच्या विठूबुवाची डबलबारी व्हायची. दोन बुवा समोरासमोर बसायचे, आळीपाळीने गायचे, आणि ज्याच्या गजरावर लोक उठून नाचतील तो जिंकला. तीन वर्षं ओळीने लोक त्याच्या गजरावर नाचले. माझा गजर सुरू झाला की लोक चहा प्यायला जायचे. चहावाला मला दुरूनच हात जोडायचा!

पण त्या वर्षी भात झोडताना मला नवी चाल सुचली. सुरुवात इतकी संथ की कातळालाही पाझर फुटावा, आणि मग चढत चढत शेवटी असा धुमाकूळ की गुडघे धरलेल्या म्हातारीनेही फुगडी घालावी! धास्ती एकच होती. आदल्या वर्षी आमची तालीम कुणीतरी खिडकीखाली बसून ऐकली आणि विठूबुवाने आमची चाल आमच्याआधी गायली.

आमचा पेटीवाला लवू म्हणाला, "बुवा, पावसला माझ्या मावशीचे यजमान आहेत, तात्या. मावशी गेल्यापासून बागेतल्या घरात एकटेच असतात. शनिवार-रविवार तिकडेच जाऊ. मासे खाऊ, कलमांखाली लोळू, मधेमधे तालीम करू."

"आणि तात्यांनीच चाल फोडली तर?"

"ठार बहिरे आहेत ते!"

असा यजमान नवस करूनही मिळत नाही!

शनिवारी सकाळच्या एस.टी.ने आम्ही चौघे पावसला उतरलो. मी, लवू, पखवाजवाला रामा आणि झांजवाला सदू. तात्या ब्याऐंशीचे. आदल्याच आठवड्यात तापातून उठलेले, अंगाने मोडक्या छत्रीसारखे. पण जेवायला बसले ते आमच्या पुढे! चार बांगडे संपवून म्हणाले, "लवू, आणखी एक वाढ." पाचवा संपवला, ढेकर दिली आणि मागच्या खोलीत जाऊन आडवे झाले.

आम्हीही लवंडणार, इतक्यात रामाने पखवाजाची खोळ सोडली आणि कपाळावर हात मारला.

"बुवा, कणीक राहिली!"

पखवाजाच्या डाव्या तोंडाला भिजवलेल्या कणकेचा गोळा थापावा लागतो, नाहीतर तो रिकाम्या डब्यासारखा वाजतो. तात्यांच्या घरात तांदळाशिवाय दुसरा दाणा नव्हता. लवूला शेजारच्या तुळसाकाकीकडे पिटाळलं आणि बजावलं, "तालमीचं अक्षर बोललास तर माझी शपथ हाय!"

तिथे काय झालं ते लवूने मला मागाहून सांगितलं.

"काकी, मूठभर कणीक देता?"

"मुठीत कुणाचं पोट भरायचं रे?"

"खायला नको. एक गोळाच करायचाय."

"गोळा? कशाला?"

लवूने मान खाली घातली. "ते सांगायचं नाय. बुवांनी शपथ घातलीय."

"आणि तात्यांचा ताप?"

"ताप कसला आता! अंग एकदम गार. निजलेत."

काकीने कणीक दिली आणि डोळ्यांना पदर लावला. आमच्या शहाण्याला वाटलं, चुलीचा धूर गेला!

लवू येताच आम्ही दार लावलं, खिडक्यांना गोणपाटं लावली आणि गजर धरला. आता तुम्हाला एक सांगायला हवं, जे आम्हा चौघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. आमच्याकडे ना सण ना वार अशा भरदुपारी बंद घरातून टाळ-मृदंग ऐकू आला, तर त्याचा अर्थ एकच. घरात माणूस गेलेलं असतं, आणि त्याला पोचवेपर्यंत मंडळी भजन म्हणत बसलेली असतात!

आत आम्ही रंगलो होतो. चार वेळा, पाच वेळा, तोच गजर. सहाव्या खेपेला मात्र ताल चुकायला लागला. मधेच कुठूनतरी ठॉक, ठॉक!

"सद्या, झांज बेताल पडतेय!"

"माझी नाय वो बुवा! रामाचा डावा हात बघा."

"माझा हात? मेल्या, तुझे कान बघ आधी!"

दोघे हातघाईवर आले. गाणं थांबलं. ठॉक ठॉक थांबेना. मी रागारागाने दार उघडलं.

अंगणात चाळीसेक माणसं! बाया एका बाजूला डोळे पुसत बसलेल्या, पुरुष टोप्या काढून उभे. पायरीपाशी दोन हिरवे बांबू आणि सुंभाची गुंडी. तुळसाकाकी हंबरडा फोडून लवूच्या गळ्यात पडली.

"पोरा, काय सोसलंस रे! शेवटचं काय बोलले तात्या?"

लवू गांगरून खरं ते बोलून गेला. "आणखी एक बांगडा वाढ म्हणाले."

"मग वाढलास?"

"वाढला."

"बरं केलंस रे बाबा! इच्छा ठेवून गेले नाहीत." सगळ्या बाया पुन्हा रडल्या.

मी ओरडलो, "अहो, तात्या जिते आहेत! झोपलेत!"

एका म्हाताऱ्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. "असंच वाटतं, बुवा. सुरुवातीला असंच वाटतं."

इतक्यात घरामागून आरोळी आली. तात्या जागे होऊन मागच्या दाराने बाहेर पडले होते, आणि समोर शेजारचा धोंडू त्यांच्या रायवळ आंब्यावर कुऱ्हाड चालवत होता! लोणच्याच्या कैऱ्यांचं ते झाड तात्यांनी जिवापाड जपलेलं.

"धोंड्या! कुणाला विचारून तोडतोस?"

धोंडूने वर न बघता सांगितलं, "बाजूला व्हा वो. तात्यांसाठीच लाकडं काढतोय."

तात्यांना कुठलं ऐकू यायला! त्यांनी मागून त्याचा कान पिरगाळला. धोंडूने वळून बघितलं, कुऱ्हाड टाकली आणि मटकन खाली बसला. सगळं अंगण तिकडे धावलं.

"एवढी माणसं कशाला?" तात्यांनी विचारलं. "कोण गेलं?"

तुळसाकाकी त्यांच्या कानाशी ओरडली, "तुम्ही!"

"मी? कुठे?"

समजूत पटवायला अर्धा तास लागला. मग कळलं की मुंबईला त्यांच्या मुलाला तारही गेली आहे. पोस्टातून दुसरी तार करायला रामा निघाला, तर तात्यांनी त्याला दंडाला धरून बसवलं.

"राहू दे. तीन वर्षांत फिरकला नाही. येऊ दे त्याला. मोहोरावर फवारणी करायला माणूस हवाच होता!"

असो. तात्या जिवंत, झाड निम्मं शाबूत, आणि चालही फुटली नाही. ऐकली ती सगळी पावसची मंडळी, विठूबुवाशी त्यांचा काय संबंध? मी खुशीत परतलो. उलट जत्रेला आम्हाला हुरूप द्यायला पावसहून टेम्पो भरून माणसं आली. पुढची जागा अडवून बसली!

पहिली बारी विठूबुवाची. लोक नाचले. नाचू देत! मी घसा खाकरला आणि माझा गजर संथ लयीत सुरू केला.

पहिल्याच ओळीला तुळसाकाकीने डोळ्यांना पदर लावला. दुसऱ्या ओळीला तिच्या शेजारणीने. त्यांचा तरी काय दोष? तासभर त्याच चालीवर रडून घेतलं होतं, आता ती चाल कानावर पडली की पाणी आपोआप यायचं! पावसचे पुरुष उठले आणि टोप्या काढून उभे राहिले. त्यांना बघून मागचे उठले. त्यांना बघून सगळी जत्रा उठली! मी लय चढवली, रामाने पखवाज फोडायचा बाकी ठेवला, सदू झांजेसकट नाचायला लागला. समोर हजार माणसं माना खाली घालून उभी!

गजर संपल्यावर विठूबुवा उठून माझ्याजवळ आला. त्याचेही डोळे ओले.

"बुवा," तो हळूच म्हणाला, "घरातलं कोण गेलं वो तुमच्या?"

आता तुम्ही विचाराल, जिंकलं कोण? ते सोडा! पण एक सांगतो, तेव्हापासून पावसपासून लांज्यापर्यंत कुणाच्याही घरी माणूस गेलं की पहिलं बोलावणं मला येतं, आणि तोच गजर म्हणा म्हणून हट्ट धरतात. विठूबुवाला असं बोलावणं एकदाही आलेलं नाही. त्या बाबतीत मी त्याच्या कितीतरी पुढे आहे!