पितळी गुंडावरचं मॉन्ट्रियल

इतवारीच्या बाजारात धनराजभाऊंच्या दुकानातून गिऱ्हाईक भांडं घेऊन निघेलच याची खात्री नसे; पण मॉन्ट्रियलला विमानाने किती तास लागतात, हे ऐकल्याशिवाय मात्र कोणी सुटत नसे.

गल्ल्याशेजारी एक पितळी गुंड उपडा ठेवलेला असायचा. पाणी भरायच्या त्या गोल भांड्यावर भाऊंनी तैलरंगाने सगळे देश काढले होते. आधी तो सुलटा होता. पण उत्तर ध्रुवाच्या जागी गुंडाचं तोंड आलं, आणि अंतर मोजायला कॅनडाकडे नेलेला दोरा सारखा आत घसरायला लागला. "विमान पडून राहिलं जी," असं म्हणत भाऊंनी पृथ्वी घासून काढली, गुंड उपडा केला आणि सगळे देश पुन्हा काढले. दक्षिण ध्रुव गेला त्याचं त्यांना काही नव्हतं. तिकडे त्यांचं कोणी नव्हतं. मॉन्ट्रियलला मुलगा होता, विलास.

मी त्यांचा शेजारी, त्यातून तारघरात नोकरीला. त्यामुळे साऱ्या जगाचा कारभार माझ्याकडे आहे, अशी त्यांची समजूत. दोऱ्याचं एक टोक मी मुंबईवर दाबून धरायचं, दुसरं ते लंडनवरून पुढे न्यायचे. एक बोट दोरा म्हणजे एक तास, हा त्यांचा हिशोब.

"विमान सरळ काहून जात नाही? लंडनले काय काम असते त्याचं?"

तिथे माणसं उतरतात, असं मी सांगायचो. ते त्यांना मुळीच पटत नसे. भिवापूरच्या एका गिऱ्हाइकाला त्यांनी त्याचं गाव विमानाने दहा मिनिटांवर असल्याचं सांगितलं. विमान उतरणार कुठे, असं त्याने विचारलं. मिरचीच्या वावरात, म्हणून भाऊ मोकळे झाले. तो घागर न घेताच गेला. मीही तीन रविवार परात आणायला जाऊन रिकाम्या हाताने परतलो होतो, आणि घरी त्याबद्दल ऐकून घेत होतो.

चौथ्या रविवारी पुन्हा दोरा निघाला, तेव्हा माझा तोल गेला. म्हणालो, "भाऊ, रोज मोजल्याने अंतर कमी होणार आहे का?"

"कमी नाही कराचं मले," ते म्हणाले, आणि लंडनवर बोट टेकवलं.

आदल्या वर्षी सुमनवहिनी गेल्या, तेव्हा विलासला तार मीच लावली होती. मजकूर भाऊंचा होता : आई सिरियस, लवकर ये. वहिनी तेव्हा गेलेल्याच होत्या, पण परगावच्या माणसाला सगळे असंच कळवतात. विलास पोचला तो तिसऱ्या दिवशी.

"लंडनहून निघाला तवा त्याले वाटलं, भेटन आई," भाऊ म्हणाले. "बंबईले उतरला तवाही वाटलं. इतके तास पोरगं आस धरून बसलं होतं, अन् मी इकडं तिची राख सावडून मोकळा झालो होतो."

दुकानात एक बाई तांब्या वाजवून पाहत होती. भाऊंनी तिला किंमत सांगितली, पिशवीत तांब्या घालून दिला, आणि ती गेल्यावर माझ्याजवळ सरकून बसले.

"माह्या वेळची तार तुम्हीच लावाल. सिरियस लिहू नका. बाबा गेले, असंच लिहा."

मी मान हलवली.

"मंग विमानात झोप तरी लागन त्याले."