बंद दाराची तालीम

मोरे सरांनी आपल्या लेकीला तीन वेळा बर्फाच्या कारखान्यात उभं केलं. प्रत्येक वेळी अर्धा तास. स्वेटर, कानटोपी, हातमोजे घालून. मनीषा स्कॉटलंडला शिकायला निघाली होती आणि तिकडच्या थंडीची तालीम करायला आमच्या बंदरावर दुसरी जागा नव्हती. तिच्या अवतीभवती कारखान्यातली माणसं हाफ पँट आणि बनियनवर बर्फाच्या लाद्या ओढत होती. त्यांना तिची दया आली, म्हणून त्यांनी चहा आणून दिला. सरांनी तो परत पाठवला. "तिकडे आयता चहा कोण देणार आहे?"

"आधी तालीम, मग प्रसंग" हे सरांचं ब्रीद. मी त्यांचा जुना विद्यार्थी आणि आताचा शेजारी, त्यामुळे मला ते दोन्ही बाजूंनी लागू पडतं. नोकरीच्या शेवटच्या वर्षी ते दर रविवारी ओट्यावर निवृत्त होऊन बसायचे. रविवारी सगळेच बसलेले असतात, हे मी त्यांना सांगितलं नाही. मनीषाच्या भरलेल्या बॅगा घेऊन ते मांडव्याच्या धक्क्यापर्यंत गेले, बोटीच्या रांगेत उभे राहिले आणि नंबर आल्यावर परत आले. बॅगांचं वजन मासळी बाजारातल्या काट्यावर केलं. तिकडे पोचल्यावर पोरीला सगळे कपडे दोनदा धुवावे लागले. काट्याचमच्याने जेवायची तालीमही झाली. एका मांदेलीशी सर वीस मिनिटं झुंजले. शेवटी मांदेली होती तशीच राहिली आणि सर वरणभात जेवले.

मनीषाची आई ती लहान असतानाच गेली. सरांनी तिला एकट्याने वाढवलं, म्हणजे आळीने वाढवलं. आमच्याकडे दिवसा कोणाचंच दार लावलेलं नसतं. लावलं असेल तर समजावं, घरात कोणीतरी गेलंय किंवा भावाभावांत वाटण्या चालल्यात.

तर मनीषा गेली आणि सव्वा महिन्याने फोनवर रडली.

"बाबा, थंडीचं काही नाही हो. इथे आठ खोल्या आहेत आणि आठही दारं बंद. चार दिवस तापाने पडून होते, कोणी दार वाजवलं नाही. मी परत येते."

सर दोन दिवस विचार करत होते. मग मला बोलावून म्हणाले, "दिनेश, ही एकच तालीम राहून गेली. तिला 'थांब' म्हणण्याआधी ती मी केली पाहिजे. आठ दिवस दार बंद. कोणी यायचं नाही, मी कोणाशी बोलायचं नाही. निभलं तर तिला थांब म्हणेन. नाही निभलं तर ये म्हणेन."

दारावर कागद लागला : "तालीम चालू आहे. दार वाजवू नये."

तो वाचायला पहिल्या दिवशी अर्धी आळी आली आणि वाचून झाल्यावर प्रत्येकाने दार वाजवलं. मासे विकायला येणाऱ्या पारूबायने तर टोपली खाली ठेवून दोन्ही हातांनी वाजवलं. "मास्तर, बरं हाय ना? ओ मास्तर!" आतून उत्तर नाही. "दिनेश, वर चढ रं! मानूस आत पडला असंल!"

मी चढलो. दोन कौलं सरकवून आत पाहिलं. खाली सर खुर्चीत ताठ बसले होते. त्यांनी वर बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं. मी कौलं जागच्या जागी लावली आणि उतरलो.

दुसऱ्या दिवशी मी घरोघर जाऊन हात जोडले. लोकांना पटलं नाही, पण कळलं. तिसऱ्या दिवशी खरोखर कोणी आलं नाही. दुपारी चारच्या सुमारास पारूबायसुद्धा त्या दारावरून आवाज न देता पुढे गेली.

तशी कडी निघाली. सर बाहेर आले, अंगात सदरा उलटा, आणि पारूबायच्या मागे अक्षरशः धावले.

"पारूबाय, आज हाक नाही मारलीत?"

"तुमीच नको बोललाव ना! मना काय वाचता येतं? दिनेशनं सांगतलं." मग तिने त्यांच्याकडे नीट बघितलं. "जेवलाव का न्हाय?"

सरांनी तिच्याकडून दोन किलो बोंबील घेतले. घरात खाणारं माणूस एक.

तिथून थेट घरी येऊन त्यांनी फोन लावला. तिकडे सकाळ होती. दार सताड उघडं होतं आणि मी उंबऱ्यात उभा होतो.

"मनीषा, मी नापास." त्यांनी कागद, पारूबाय, कौलं, सगळं क्रमवार सांगितलं. "आठ दिवसांचं ठरवलं होतं, अडीच दिवसांत बाहेर पडलो. तुला थांब म्हणायचा मला अधिकार नाही. ये तू, बाळा."

फोनमधून हसू आलं. मोठ्याने, आमच्या आळीतलं हसू.

"अडीच? बाबा, मी चाळीस दिवस काढलेत! आणि इथे कौलं काढून बघायलाही कोणी नाही!" पुन्हा हसू. "थांबा. तुम्ही उघडलंत ना? मग मी आता समोरचं दार वाजवते. नाही उघडलं तर नाही उघडलं. परत यायचं सुट्टीत बघू."

फोन बंद झाला. मला इतका आनंद झाला की मी सरांचे दोन्ही हात धरले. "सर, राहिली पोरगी!"

"राहिली," सर म्हणाले. "माझ्यापेक्षा घट्ट आहे."

मग ते आतल्या खोलीत गेले. मी मागोमाग गेलो. मनीषाच्या कॉटवर नवी चादर घातलेली होती, उशीला धुतलेला अभ्रा, मच्छरदाणी चारी कोपऱ्यांना बांधून तयार.

"तालमीच्या पहिल्याच दिवशी घातली," सर म्हणाले. "नापास होणार हे ठाऊकच होतं रे. दार उघडलं तेव्हा खरं तर बरं वाटलं. म्हटलं, येईल आता."

सर मच्छरदाणीच्या गाठी सोडू लागले. मग त्यांनी चादर उचलली, आणि दुसरी दोन टोकं मी धरली.